जेद्द्यातली रोशन

मी जेद्द्याला निघाले त्या दिवशी आमच्या अंगणात सुमो उभी होती आणि तिच्याभोवती अर्धं गाव. कुणी सुकट बांधून आणली होती, कुणी तांदळाचं पीठ, आणि ज्यांना काहीच आणायचं सुचलं नाही त्यांनी सल्ले आणले होते. इक्बाल, माझा नुकताच झालेला नवरा, मला न्यायला म्हणून सुट्टी काढून आला होता आणि टपावर बॅगा आवळताना घामाघूम झाला होता. सगळे होते, फक्त आई अंगणात नव्हती. ती तिच्या नेहमीच्या जागी बसली होती, पेटाऱ्यात.

पेटारा म्हणजे आमच्या घराची माडीवरची खिडकी. खिडकी तरी कसं म्हणायचं? दर्शनी भिंतीतून ती हातभर बाहेर आलेली, सागवानी, तिन्ही बाजूंनी जाळीची, आत एक बाई मांडी घालून आरामात बसेल एवढी. अब्बा जेद्द्याची नोकरी सोडून कायमचे घरी आले, तेव्हा पहिलं काम त्यांनी हे केलं. ते सुतार. आधी खाडीवर मचवे बांधायचे, मग जेद्द्यात काम मिळालं. गावात असली खिडकी कुणी पाहिलेली नव्हती. शेजारच्या हमीदचाचांनी विचारलं, "भिंतीला पेटारा टांगलास काय रे?" झालं, नाव पडलं ते पडलं. अब्बांनी त्यावर काहीच म्हटलं नाही. मुळात अब्बा कशावरच काही म्हणत नसत.

पण आईला ती जागा अशी काही मानवली की विचारू नका. तिथून खाडी दिसायची, धक्का दिसायचा, शाळेतून परतणारी पोरं दिसायची, आणि बाहेरून बघणाऱ्याला जाळीमागे काहीतरी हललं एवढंच कळायचं. तांदूळ निवडता निवडता ती गावाची खबर ठेवायची. आमच्या गावात कॅमेरे पुष्कळ उशिरा आले, पण तशी कुणाची अडचण झाली नाही.

तर मी निरोप घ्यायला वर गेले. आईने मला आत, अगदी जाळीला टेकून बसवलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "गो, एक काम कर. जिद्द्यात रोशन नावाची कोण बाई हाय काय, ती बग. हाय तर कशी हाय, येवढाच सांग मला. बाकी काय नको."

मी म्हटलं, "कोण रोशन?"

"ता कळला असता तर तुला कशाला सांगितला असता?"

खाली हॉर्न वाजला. मी उतरले, रडले, सगळ्यांच्या गळ्यात पडले, आणि गाडी खिंडीत वळेपर्यंत मागे वळून पेटाऱ्याकडे बघत राहिले. आत काहीतरी हललं. मुंबईच्या विमानतळापर्यंत माझ्या डोक्यात गाव नव्हतं, नवरा नव्हता, ती रोशन होती.

प्रकरण काय ते मला आईच्या बहिणीकडून, म्हणजे खालाकडून, फोनवर तुकड्यातुकड्याने कळलं. अब्बा जेद्द्यात असताना एका ईदला येणार होते ते आले नाहीत. गावातला एक जण सुट्टीवर आला होता, त्याच्याकडे त्यांनी निरोप धाडला. त्याने येऊन आईला सांगितलं, "रोशनचा काम संपल्याबिगर सुटी नाय बोल्ले." आईने तो निरोप ऐकला, त्याला चहा दिला आणि रोशन कोण हे विचारलं नाही. अब्बा आल्यावरही विचारलं नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी, मी शिकायला बाहेरगावी असताना, अब्बा तापाने अंथरुणाला खिळले. शेवटच्या दिवसांत त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. तेव्हा ते एकच बडबडत होते, "रोशन पडंल. रोशनला धरा." ज्या माणसाने आयुष्यभर आईचं नाव चारचौघांत घेतलं नाही, तो जाताना भलतंच नाव घेऊन गेला.

मी एकदा खालाला म्हटलं, अब्बा जिवंत असताना आईने विचारलं का नाही? खाला म्हणाली, "विचारला नि खरा निगाला तर?" मी विषय बदलला.

जेद्द्यात मी संसार थाटला. गावी राहिलेल्यांना वाटतं, आम्ही तिकडे सोन्याच्या पायऱ्यांवरून उतरत होतो. प्रत्यक्षात अझीझिया भागात दोन खोल्यांचा फ्लॅट, एसीची घरघर, खाली मलबारी बकाला, म्हणजे वाणसामानाचं दुकान, आणि गुरुवारी रात्री चार कोकणी बिऱ्हाडं एकत्र जमून खाल्लेली सांदणं. जे माझ्यासारखे गेले त्यांना हे सांगायला नको. इकाम्याची, म्हणजे राहण्याच्या परवान्याची, तारीख डोक्यात ठेवायची, कफील म्हणजे ज्याच्या नावावर आपण तिथे राहतो तो मालक, त्याची मर्जी सांभाळायची, आणि वर्षभर सुट्टीची वाट बघायची. इक्बाल चष्म्यांच्या दुकानात होता. लोकांचे डोळे तपासून तपासून त्याला स्वतःला चष्मा लागला. आमची सना तिथेच जन्मली, तिथल्या इंडियन स्कूलमध्ये गेली. मी मराठीत बोलायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि भांडण मात्र हिंदीत करायची.

रोशनला मी शोधलं. शोधलं म्हणजे काय, बायकांच्या घोळक्यात सहज विचारल्यासारखं करायचं. पहिली रोशन सापडली ती हैदराबादची, ब्यूटी पार्लर चालवायची, वयाने माझ्याहून लहान. तिने माझ्या भुवया केल्या आणि मी परत आले. दुसरी म्हसळ्याकडची रोशनआपा, डबे द्यायची. वय जुळत होतं, दिसायलाही एके काळी बरी असणार. मी महिनाभर तिचा डबा लावला, तिच्याकडे चोरून बघितलं, शेवटी कळलं की ती अब्बा परतल्यानंतर जेद्द्यात आली. डबा मात्र चांगला होता. आईला फोनवर मी दर वेळी सांगायची, "अजून नाय सापडली." ती म्हणायची, "असूं दे," आणि पुढचा विषय काढायची. पण पुढच्या फोनवर ती गप्प राहून वाट बघायची, ते मला कळायचं.

मग सौदीकरणाची वर्षं आली. आधी मोबाइलची दुकानं गेली, मग घड्याळांची, चष्म्यांची, कपड्यांची. काउंटरवर सौदी माणूस हवा, असा नियम झाला. आमच्या इमारतीतली बिऱ्हाडं एकेक करून उठायला लागली. जिन्यात जुने फ्रीज आणि सायकली दिसायच्या आणि कोण चाललं ते कळायचं. कुणाचा राग करायचा, तेच समजत नव्हतं. त्यांची मुलं त्यांच्याच गावात नोकरी मागत होती. आपल्याकडे आपण दुसरं काय मागतो? पण रात्री इक्बाल निम्मं ताट तसंच ठेवून उठायचा, ते मी बघत होते. एक दिवस कफीलने त्याला चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "खलास, या इक्बाल." म्हणजे, संपलं रे इक्बाल. एवढ्या वर्षांचं काम एका शब्दात आवरलं.

इक्बालच्या जागी आली ती एक जेद्द्याचीच मुलगी, आणि तिचं नाव हिंद. तिकडे बायकांचं हे जुनं, चांगलं नाव आहे, आणि आपल्या लोकांना तिकडे म्हणतात हिंदी. दुकानातली पोरं म्हणाली, हिंदने हिंदीला घालवलं. इक्बालही हसला. तिला काम शिकवून मगच जायचं असं ठरलं होतं, आणि तो माझा नवरा असला तरी सांगते, त्याने हातचं न राखता शिकवलं. ती पोरगीही गुणी. निरोपाला तिने आम्हाला खजुरांचा डबा दिला आणि सनाला विचारलं की जेद्द्यात तुझं सगळ्यात आवडतं ठिकाण कोणतं. सना म्हणाली, मॉल. हिंदने कपाळाला हात लावला. मला म्हणाली, "संध्याकाळी जुन्या शहरात फिरला नाहीत? अल-बलदमध्ये? मग तुम्ही जेद्दा बघितलंच कुठे?"

बलद आम्हाला माहीत होतं तसं. बाहेरच्या रस्त्याची सोन्याची दुकानं, स्वस्त टॉवेल, गावी न्यायची अत्तरं. आतल्या गल्ल्यांत पडकी घरं आहेत, तिकडे बायामाणसांनी जाऊ नये, असं आल्या दिवशी कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते मी इतकी वर्षं पाळलं.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला होता. आम्ही कायमचे येणार म्हणून माझा भाऊ घराची डागडुजी करत होता. माडीवर आमच्यासाठी नवी खोली, अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या. "पेटारा पन काढून टाकतोय बोल्ला," आई म्हणाली. "मिस्त्री येनार हाय उद्या. काढू दे. लाकूड जुना झाला, एक कोपरा झुकलाय." तिचा आवाज अगदी सपाट होता. मी म्हटलं, "आणि तू बसणार कुठं?" ती म्हणाली, "खुर्चीवर. बसायला काय लागतं?"

दुसऱ्या दिवशी असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज झाल्यावर आम्ही तिघं बलदला गेलो. टॅक्सीतून उतरून सोन्याची दुकानं मागे टाकली, एका कमानीखालून आत शिरलो, आणि माझे पाय थांबले.

कसं सांगू? गल्ली अरुंद, आणि दोन्ही बाजूंना चार-चार, पाच-पाच मजल्यांची घरं. नुसती उंच नाहीत, लाकडात मढवलेली. प्रत्येक मजल्यावर भिंतीतून बाहेर आलेल्या जाळीच्या खिडक्या, एकीवर एक रचलेल्या, काही हिरव्या, काही निळ्या, काही ऊन खाऊन राखाडी झालेल्या. वर आकाशाची पट्टी उरलेली तेवढीच. उन्हं कलली होती आणि ती तिरकी उन्हं जाळ्यांतून झिरपून समोरच्या भिंतीवर पडत होती. वाटेत मांजरं पसरली होती, कुठल्यातरी दारातून लोबानचा धूर येत होता, आणि समुद्राकडचा वारा त्या गल्लीत असा खेळत होता की एवढ्या वर्षांत जेद्द्यात एसीशिवाय गार वाटलेली ती पहिली संध्याकाळ. भिंतीचा गिलावा एके ठिकाणी निघाला होता. जवळ जाऊन बघितलं तर दगड समुद्रातला, पोवळ्याचा, आणि त्यात अख्खे शिंपले रुतलेले. सना म्हणाली, "मम्मी, इस्लामिक आर्किटेक्चर. इट्स इन माय बुक." मग बाहेर काढलेला फोन तिने परत पिशवीत ठेवला. सनाने फोटो न काढणं म्हणजे काय, हे तिच्या वयाच्या मुलांच्या आयांना कळेल.

मी चालत होते. ही घरं मी कधी पाहिली नव्हती आणि तरी ती मला ओळखीची वाटत होती. कोपऱ्यावरचं ते कोरीव काम, खालच्या फळीची ती कातरलेली झालर. बोटांना ठाऊक असलेलं काहीतरी होतं, डोक्याला आठवत नव्हतं. इक्बाल मला दोनदा म्हणाला, "चल गो पुढे." मी हलले नाही. एका मोठ्या, जरा कललेल्या घराच्या खाली मी मान वर करून उभी राहिले. माझ्या बरोबर डोक्यावर एक खिडकी होती, आणि तिचा एक कोपरा झुकला होता.

"बहन! इधर नहीं. रोशन गिरेगा."

समोरच्या दारात उंच लाकडी बाकावर एक म्हातारे अरब गृहस्थ चहा घेत बसले होते. अंगात पायघोळ पांढराशुभ्र थोब, हातात काठी. अब्बांचं ते वाक्य. रोशन पडंल.

मी त्यांच्याकडे गेले. क्षणभर मनात आलं, गिरेगा म्हणाले, म्हणजे रोशन पुरुष? इतकी वर्षं आम्ही बाईच धरून बसलो? पण तिकडच्या माणसांच्या हिंदीत सगळंच पुल्लिंगी असतं, बायकोसुद्धा. मी विचारलं, "चाचा, रोशन कौन?"

त्यांना वाटलं असेल की बाई उन्हाने भ्रमिष्ट झाली. "कौन?" ते हसले आणि त्यांनी काठी वर केली. "ये रोशन. वो रोशन. वो भी." काठी एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, मग गल्लीच्या टोकापर्यंत फिरली. "खिडकी नहीं, खिडकी छोटा होता है. ये रोशन है. औरत लोग अंदर बैठता है, हवा खाता है, सब देखता है. उसको कोई नहीं देखता."

गल्लीभर रोशन. उजवीकडे, डावीकडे, मजल्यावर मजले. मी एक शोधत होते आणि ती सगळीकडे लटकत होती.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना. इक्बाल घाबरला. त्याला मी रोशनचं कधी सांगितलंच नव्हतं, ते प्रकरण आईचं होतं. तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं, आणि त्याने ते जमेल तसं अरबीत त्या चाचांना सांगितलं. चाचा ऐकत होते. त्यांच्या वडिलांच्या काळात त्या घरात हिंदी हाजी उतरायचे, त्यांच्याकडूनच ते लहानपणी हिंदी शिकले होते. अब्बांचं नाव त्यांना माहीत नव्हतं. पण एके काळी सरकारने ही घरं दुरुस्तीला काढली होती, तेव्हा यमनचे नज्जार, म्हणजे सुतार, होते, इजिप्तचे होते, हिंदचे होते, असं ते म्हणाले. "नज्जार भी हिंद का, लकडी भी हिंद का. साज."

"साग," मी म्हटलं.

"साज," ते म्हणाले.

"साग."

आम्ही दोघंही हसलो. त्यांनी मला आतल्या जिन्याजवळची, दुरुस्तीसाठी उतरवून ठेवलेली एक जाळी दाखवली. मी हात लावला. लाकूड दिवसभराच्या उकाड्याने अजून कोमट होतं. खालच्या फळीला तीच झालर होती, आमच्या पेटाऱ्याची. लहानपणी आईच्या मांडीवर डोकं ठेवून मी त्या झालरीवरून बोट फिरवत झोपायची. मला तेव्हा कळलं की अब्बा तापात कुणाला हाका मारत नव्हते. आमच्या पेटाऱ्याचा एक कोपरा तेव्हाही झुकत असणार आणि आई त्यात बसते हे त्यांना ठाऊक होतं. कामगार माणूस, जाता जाता दुरुस्तीचं सांगून गेला. आमच्या बोलीत 'पडंल' बाईलाही लागतं आणि खिडकीलाही. मीच चुकले, आई चुकली, आणि तो निरोप आणणाराही बिचारा जसाच्या तसा निरोप सांगूनच चुकला.

मगरिबची बांग झाली. आधी एका मशिदीतून, मग मागच्या, मग लांबच्या. गल्लीत दिवे लागले, आणि जाळ्यांच्या आतून उजेड बाहेर पडायला लागला. मी भारावून बघत राहिले. सना माझा हात धरून उभी होती. हळूच म्हणाली, "मम्मी, तुम लोग होम जा रहे हो. मेरा होम तो ये है." मी तिला जवळ घेतलं.

मग एकदम मला मिस्त्री आठवला.

मी तिथल्याच पायरीवर बसून आईला फोन लावला. आपल्याकडे तेव्हा रात्र पडली होती. पहिल्याच घंटेला तिने उचलला.

"आई, मिस्त्री आला होता?"

"नाय. दुसरा काम आटपून येतो बोल्ला, आला नाय. उद्या येल. का?"

"आत्ता कुठं बसलीस तू?"

"कुटं बसनार? पेटाऱ्यात. हवा हाय जरा."

"आई, रोशन सापडली."

आमच्या खाडीवरच्या बेडकांचा आवाज मला जेद्द्यात ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "हाय काय जिवंत?" एवढी वर्षं सांभाळलेला प्रश्न तिने असा विचारला, जशी एखाद्या आजारी शेजारणीची चौकशी करावी.

मी सगळं सांगितलं. गल्ली, चाचा, काठी, झालर, साज आणि साग. इकडे लोक या खिडकीला काय म्हणतात ते सांगितलं. अब्बा ज्या कामासाठी ईदला आले नाहीत ते कोणतं काम, आणि घरी आल्याआल्या त्यांनी भिंतीवर काय बांधलं, तेही. "आई, तो पेटारा नाही. ती रोशन आहे. त्यांनी तुझ्यासाठी आणली."

ती रडत होती की काय, कळायला मार्ग नव्हता. आई रडली तरी तिच्या आवाजात कधी यायचं नाही. मग म्हणाली, "म्हंजे येवढी वर्सं मी तिच्याच मांडीवर बसून तिला शिव्या घालत व्हती?"

मी हसायला लागले. तीही हसली. एवढ्या वर्षांत तिला तशी मोकळी हसताना मी ऐकलं नव्हतं. फोन ठेवताना म्हणाली, "त्या मिस्त्रीला सांगतंय उद्या. कोपरा सरळ कर. पन रोशनला काढायचा नाव काढशील तर बग."

आम्ही आता गावी आहोत. इक्बालने तालुक्याच्या गावात छोटं दुकान घातलंय. मला अजूनही जेद्द्याची स्वप्नं पडतात, आणि जागी झाले की एसीचा आवाज नाही म्हणून झोप लागत नाही. घर कुठलं, असं कुणी विचारलं की पूर्वी माझी पंचाईत व्हायची. आता होत नाही. आमचं लाकूड तिकडे जाऊन खिडकी झालं आणि तिकडची खिडकी आमच्या लाकडात इकडे आली. माझंही तसंच काहीसं झालंय.

सना पहिले काही महिने कुणाशी धड बोलत नव्हती. परवा संध्याकाळी शोधलं तर घरात कुठेच सापडेना. आईला हाक मारली, तर वरून, जाळीच्या आतून उत्तर आलं, "हितं हाय ती. आमी दोगी रोशनकडं बसलोय."